नवीन रोड बाईक जोडताना क्रँक जड फिरत असेल तर

सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने रोड बाईक जोडणाऱ्याचे काम बहुधा बॉटम ब्रॅकेटपाशी, म्हणजे क्रँक (ज्याच्या टोकाला पेडल लागते तो हात) ज्या बेअरिंगांवर फिरतो त्या जोडणीपाशी, अडते. फ्रेम स्टँडवर लावलेली असते, कप आवळून झालेले असतात, क्रँक बसवलेला असतो, आणि हौसेने पेडलला झटका दिला की तो दोन-तीन फेरे घेण्याऐवजी अर्ध्या फेऱ्यातच थांबतो. अशा वेळी नवखा माणूस बेअरिंग खराब निघाले असे धरून चालतो आणि दुसरा संच मागवतो. तो बसवल्यावरही क्रँक तसाच जड फिरतो, कारण मुळात बेअरिंग बिघडलेलेच नसते. गेल्या काही वर्षांत नागपुरात मी स्वतःच्या आणि मित्रांच्या ज्या बाईक जोडल्या, त्यांत नवे कोरे बेअरिंग सदोष निघाल्याचे प्रसंग फार थोडे आहेत. दोष निघाला तो बेअरिंग ज्या जागेत बसवले त्या जागेत, किंवा ते ज्या जोराने दाबले त्या जोरात.

म्हणून पुढे दिलेली पद्धत एकाच नियमावर उभी आहे. एका वेळी एकच भाग मोकळा करायचा आणि प्रत्येक वेळी क्रँक पुन्हा फिरवून पाहायचा. जो भाग मोकळा केल्यावर जडपणा जातो, तिथे दोष शोधायचा. दोन भाग एकदम सैल केले तर क्रँक मोकळा होईलही, पण कशामुळे झाला ते कळणार नाही, आणि पुन्हा जोडताना तोच जडपणा परत येईल.

आधी भागांची नावे स्पष्ट करून घेऊ. फ्रेमच्या तळाशी जी आडवी नळी असते, जिच्यातून क्रँकचा दांडा आरपार जातो, तिला शेल म्हणतात. शेलच्या दोन्ही तोंडांशी जे बसतात ते कप, आणि कपात बेअरिंग असते. नवख्यांच्या हाती बहुधा शिमानोची हॉलोटेक टू ही रचना येते. तिच्यात २४ मि.मी. व्यासाचा पोकळ दांडा उजव्या क्रँकला कायमचा जोडलेला असतो. तो दोन्ही कपांतून डावीकडे बाहेर येतो आणि डावा क्रँक त्यावर चढवून दोन बोल्टांनी आवळला जातो. शेलला आतून आटे असतील आणि रुंदी ६८ मि.मी. असेल, तर ते बहुधा इंग्लिश किंवा बीएसए मापाचे असते, म्हणजे व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. या लेखाचा मोठा भाग याच रचनेविषयी आहे, कारण इथले दोष समजले की बाकीच्या रचना समजायला वेळ लागत नाही.

किती जडपणा स्वाभाविक आहे

तपासणीला लागण्यापूर्वी हा प्रश्न सोडवलाच पाहिजे, कारण कित्येकदा दोष नसतोच. आपण लहानपणी ज्या सायकली पाहिल्या, त्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये दोन कटोऱ्या आणि सुटे छर्रे असत, सील नसे, आणि पेडलला झटका दिला की क्रँक बराच वेळ गरगरत राही. नव्या बाईकच्या बेअरिंगवर दोन्ही बाजूंनी रबरी सील असते, त्यावर आणखी एक धूळरोधक झाकण असते, आणि आत घट्ट ग्रीस भरलेले असते. हे रबर आणि हे ग्रीस दांड्याला सौम्यपणे धरून ठेवतात. त्यामुळे चेन काढलेली असताना नवा क्रँक झटक्यासरशी एक-दोन फेरे घेऊन थांबला, तर ते अगदी बरोबर आहे. स्वार बसल्यावर बेअरिंगवर भार वाढतो, पण सीलचे घर्षण त्या प्रमाणात वाढत नाही, आणि म्हणून स्टँडवर हाताला जाणवणारा हा सौम्य विरोध रस्त्यावर पायाला जाणवतसुद्धा नाही. शंभर-दोनशे किलोमीटर झाले की सीलची कडा थोडी बसते आणि क्रँक आपोआप हलका होतो.

हवामानाचाही परिणाम होतो. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा ८ ते १० अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवलेल्या बाईकचे ग्रीस घट्ट झालेले असते. तीच बाईक मे महिन्याच्या दुपारी वेगळी वाटते. थंडीत जोडलेल्या बाईकचा निकाल लगेच लावू नये. ती घरात आणून तासभर ठेवावी आणि मग क्रँक फिरवून पाहावा.

विरोध किती आहे यापेक्षा तो कसा आहे हे अधिक सांगून जाते. डोळे मिटून, क्रँकला एका बोटाने अगदी सावकाश पूर्ण फेरा द्यावा. मधात चमचा फिरवल्यासारखा सगळीकडे सारखा आणि मऊ विरोध लागत असेल, तर तो सील-ग्रीसचा आहे. क्रँक ठरावीक जागी येऊन अडतो, पुढे मोकळा होतो आणि दर फेऱ्याला तिथेच पुन्हा अडतो, असे असेल तर काहीतरी घासते आहे किंवा वाकडे आहे. वाळूवरून बोट फिरवल्यासारखी करकर बोटाला लागत असेल, तर बेअरिंगमध्ये कचरा गेला आहे किंवा त्याच्या धावांवर, म्हणजे छर्रे ज्यांतून फिरतात त्या खाचांवर, खड्डे पडले आहेत. आणि क्रँक सगळीकडेच कडक असेल, एका बोटाने हलतच नसेल, तर बेअरिंग बाजूने दाबले गेले आहे. हे चार स्पर्श वेगवेगळे ओळखता येऊ लागले की निम्मे काम झाले.

पहिली पायरी: चेन उतरवा

चेन असताना क्रँक फिरवून बॉटम ब्रॅकेटविषयी काहीही ठरवू नये. पुढे फिरवताना मागचे चाक फिरते आणि घासणारा ब्रेकसुद्धा क्रँकचा जडपणा वाटू शकतो. उलटे फिरवताना मागच्या चाकातल्या फ्रीहबची खिट्टी आणि मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) दोन्ही लहान चाकांचा विरोध हाताला येतो. चेन चेनरिंगवरून (क्रँकवरच्या दातेरी चक्रावरून) उचलून शेलवर टेकवून ठेवली तरी पुरते. जोडकडी उघडण्याची गरज नाही.

मग बाहेरून दिसणारे घर्षण शोधावे. पुढच्या डिरेलरचा पिंजरा चेनरिंगला लागतो आहे का, चेनरिंगचे दात मागच्या नळीला टेकतात का, क्रँकवर लावलेल्या केडन्स सेन्सरचे (पेडल मारण्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणाचे) लोहचुंबक किंवा एखाद्या प्लॅस्टिक पट्टीचे टोक फ्रेमला शिवते आहे का, हे खाली वाकून, मागून मोबाईलचा दिवा धरून पाहावे. याला दोन मिनिटे लागतात. अडखळणे दर फेऱ्याला एकाच जागी येत असेल, तर ते बऱ्याचदा इथेच सापडते.

दुसरी पायरी: डाव्या क्रँकची टोपी सैल करा

माझ्या अनुभवात नवख्यांचा सर्वाधिक जडपणा इथून येतो. डाव्या क्रँकच्या मधोमध एक प्लॅस्टिकची टोपी असते आणि ती आटे धरून दांड्यात जाते. ती क्रँकला धरून ठेवण्यासाठी आहे असे पाहणाऱ्याला वाटते, आणि म्हणून माणूस ती जोर लावून आवळतो. प्रत्यक्षात क्रँकला धरून ठेवतात ते बाजूचे दोन बोल्ट. टोपीचे काम एवढेच, की बोल्ट आवळण्यापूर्वी डावा क्रँक आत ओढून दोन्ही बेअरिंगांमधली बाजूची ढिलाई काढावी. टोपी गरजेपेक्षा जास्त फिरवली की डावा क्रँक डाव्या बेअरिंगच्या आतल्या कड्याला आत ढकलतो, उजवा क्रँक उजव्या कड्याला आत ढकलतो, बाहेरची कडी कपात पक्की असल्याने जागची हलत नाहीत, आणि छर्रे आपल्या धावेच्या मध्याऐवजी कडेवर चढून चालू लागतात. क्रँक लगेच कडक होतो. तशीच बाईक चालवली तर काही शे किलोमीटरांत बेअरिंग खरोखरच खराब होते, आणि मग सुरुवातीचा खोटा निष्कर्ष खरा ठरल्यासारखा दिसतो.

तपासणी अशी करावी. ५ मि.मी. ॲलन कीने बाजूचे दोन्ही बोल्ट सैल करावेत, पूर्ण काढू नयेत. मग टोपी पाव फेरा उलटी फिरवावी आणि डावा क्रँक हाताने किंचित बाहेर ओढावा. आता क्रँक फिरवून पाहावा. जडपणा गेला असेल, तर पुढच्या पायऱ्यांची गरज नाही. टोपी पुन्हा नीट लावायची एवढेच काम उरते.

टोपीसाठी शिमानोने दिलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, ०.७ ते १.५ न्यूटन मीटर आहे. हा जोर एवढा कमी आहे की टोपीच्या हत्याराला पकड किंवा पाना लावण्याचा प्रश्नच येत नाही. ते हत्यार अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून, बोटांना विरोध लागेपर्यंतच फिरवायचे. त्यानंतर दोन्ही क्रँक हातात धरून बाजूला हलवून पाहावेत. टकटक लागली तर टोपी किंचित पुढे, टकटक नाही आणि क्रँक मोकळा असेल तर तिथेच थांबावे. मग दोन बोल्टांच्या फटीतली लहान सुरक्षा पट्टी खाली दाबून तिची खुंटी दांड्याच्या छिद्रात बसल्याची खात्री करावी. ती बसत नसेल तर डावा क्रँक पुरेसा आत आलेला नाही, आणि त्याचे कारण शोधल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत. शेवटी दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे-थोडे करून, १२ ते १४ न्यूटन मीटरपर्यंत आवळावेत. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर पकड असमान बसते.

खुंटी न बसण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे चुकीच्या वॉशर. माउंटन बाईकच्या बॉटम ब्रॅकेटबरोबर २.५ मि.मी. जाडीच्या कड्या येतात. रोड क्रँक ६८ मि.मी. शेलवर बसवताना त्या लागत नाहीत. ‘पाकिटात आल्या म्हणजे लावायच्याच’ असे समजून त्या लावल्या की दोन्ही कपांमधले अंतर वाढते, दांडा अपुरा पडतो आणि डावा क्रँक बेअरिंगवर अडकून राहतो.

स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या क्रँकला ही पायरी जशीच्या तशी लावू नये. त्यांच्या जीएक्सपी रचनेत दांडा उजवीकडे २४ मि.मी. आणि डावीकडे २२ मि.मी. असतो, डावा क्रँक एकाच मोठ्या बोल्टने ४८ ते ५४ न्यूटन मीटर एवढ्या जोराने आवळायचा असतो, आणि वेगळी टोपी नसते. तिथे जडपणा आला म्हणून तो बोल्ट सैल ठेवणे धोक्याचे आहे. क्रँकच्या आतल्या खाचा झिजतात आणि क्रँक वाया जातो. स्रॅमच्याच डब या नव्या रचनेत मात्र डाव्या क्रँकपाशी फिरवायची एक कडी असते आणि ती बोटानेच जुळवायची असते.

तिसरी पायरी: दांडा बाहेर काढा आणि बेअरिंगला बोट लावा

टोपी सैल करूनही क्रँक जड असेल, तर डावा क्रँक काढून उजवा क्रँक दांड्यासह बाहेर घ्यावा. तो हाताने ओढून, फार तर रबरी हातोडीच्या हलक्या टिचक्यांनी निघाला पाहिजे. बसवतानाही हीच कसोटी आहे. दांडा आत घालण्यासाठी हातोडीचे जोरदार घाव घालावे लागले असतील, तर दोन्ही बेअरिंगांची छिद्रे एका रेषेत नाहीत, असे तेव्हाच समजायला हवे होते.

आता तर्जनी बेअरिंगच्या छिद्रात घालून आतले कडे सावकाश फिरवावे, आधी उजवे, मग डावे. दोन्ही मऊपणे फिरत असतील आणि दांडा घातल्यावरच जड होत असतील, तर दोष सरळ रेषेचा आहे. चौथ्या पायरीकडे जावे. एखादे करकर करत असेल, तर तो कप काढून बाहेर पुन्हा फिरवावा. बाहेरही करकरत असेल तर बेअरिंग खरोखर खराब आहे आणि ते बदलावे. बाहेर मोकळे आणि शेलमध्ये कडक असेल, तर शेल त्याला दाबते आहे.

काढलेला दांडा उजेडात धरून नीट पाहावा. बेअरिंग जिथे बसते त्या दोन पट्ट्या चकचकीत असणे स्वाभाविक आहे. पण दांड्याच्या मधल्या भागावर एखादे बारीक, गोल ओरखड्याचे कडे दिसले, तर आत काहीतरी त्याला घासते आहे. दोन्ही कपांच्या मध्ये प्लॅस्टिकची एक बाही असते, आणि शेलच्या खाली गिअरच्या केबलसाठी जो प्लॅस्टिकचा मार्गदर्शक तुकडा लावतात, त्याचा स्क्रू लांब असेल तर तो आत घुसून त्या बाहीला दांड्यावर दाबतो. हा दोष मी दोनदा पाहिला आहे आणि दोन्ही वेळा मालकाने आधी बेअरिंग बदललेले होते. स्क्रू दोन-तीन मिलिमीटर कापला की काम होते. फ्रेमच्या आतून केबल किंवा इलेक्ट्रॉनिक गिअरची वायर जात असेल, तर तीही बाहीच्या बाहेरून गेली आहे ना, हे याच वेळी पाहून घ्यावे.

चौथी पायरी: शेल तपासा

हा भाग सविस्तर सांगितला पाहिजे, कारण बाईक जोडणारे बहुतेक जण शेलकडे पाहतच नाहीत. जुन्या चौकोनी टोकाच्या कार्ट्रिज बॉटम ब्रॅकेटमध्ये दोन्ही बेअरिंग एकाच बंद नळकांड्यात कारखान्यातच एका रेषेत बसवलेली असत, त्यामुळे शेलची तोंडे थोडी तिरकी असली तरी बिघडत नसे. हॉलोटेक टूमध्ये दोन्ही बेअरिंग शेलच्या बाहेर, दोन वेगळ्या कपांत आली, आणि प्रत्येक कप शेलच्या तोंडावर टेकून आपली दिशा ठरवू लागला. म्हणजे दोन बेअरिंगांना एका रेषेत ठेवण्याची जबाबदारी आता फ्रेमच्या तोंडांवर आहे. तोंड तिरके असेल तर कप तिरका, कप तिरका तर बेअरिंग तिरके, आणि दांडा मात्र सरळच, म्हणून तो दोन्हीकडे अडतो.

एक सोपी चाचणी आहे. डावा क्रँक न लावता फक्त दांडा आत घालावा आणि क्रँक फिरवून पाहावा. मग डावा कप पाव फेरा सैल करून पुन्हा फिरवावा. कप तोंडावरून सुटताच क्रँक हलका झाला, तर तोंड तिरके आहे किंवा त्यावर काहीतरी साचले आहे. उजव्या कपासाठी हीच चाचणी वेगळी करावी. इथे एक काळजी घ्यावी: इंग्लिश शेलमध्ये डाव्या कपाचे आटे नेहमीसारखे असतात, पण उजव्या कपाचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या उलट दिशेने आवळतो आणि घड्याळाच्या दिशेने सैल होतो. शेलची रुंदी ७० मि.मी. भरली तर ते इटालियन असण्याची शक्यता असते, आणि त्यात दोन्ही कपांचे आटे नेहमीच्या दिशेचे असतात. जोर लावण्याआधी व्हर्नियरने रुंदी मोजून घ्यावी. त्याच वेळी चार ठिकाणी मोजले तर तोंडे समांतर आहेत की नाहीत याचाही अंदाज येतो.

माझी स्वतःची स्टीलची फ्रेम मी शहरातल्याच एका ठिकाणी पावडर कोटिंग करून आणली होती. रंग सुरेख बसला होता. क्रँक मात्र पाऊण फेऱ्यात थांबत होता, आणि सीताबर्डीतल्या ओळखीच्या सायकल मेकॅनिकने हात लावून एवढेच सांगितले, ‘भाऊ, हे आतून नाही, बाहेरून ओढून राहिलं.’ मी कप काढले आणि शेलच्या दोन्ही तोंडांवर निळ्या मार्करची शाई फासली. शाई वाळल्यावर कप कोरडेच हाताने बसवले, पान्याने थोडे आवळले आणि पुन्हा काढले. उजव्या तोंडावरची शाई सगळीकडे सारखी घासून गेली होती. डाव्या तोंडावर मात्र घड्याळात सात वाजतात त्या जागी तिळाएवढाच भाग पांढरा झाला होता आणि बाकीची शाई जशीच्या तशी होती. बोट फिरवल्यावर तिथे रंगाचा थेंब लागला, भट्टीत ओघळून तोंडाच्या कडेवर घट्ट झालेला. एवढ्याशा थेंबावर कप टेकला होता आणि समोरच्या बाजूने हवेत होता. ब्लेडने तो थेंब खरवडला, सपाट लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून तोंड हलकेच पुसून घेतले, पुन्हा शाई लावून पाहिली, आणि त्या संध्याकाळी क्रँक दोन फेरे फिरला.

शाईची ही परीक्षा प्रत्येकाने करावी. खर्च मार्करचा, वेळ दहा मिनिटांचा. रंगाचा थर असेल तर तो घरी काढता येतो. पण शाई सांगत असेल की धातूचेच तोंड तिरके आहे, तर कानस घेऊन बसू नये. हाताने घासलेले तोंड सपाट दिसले तरी ते आट्यांच्या मध्यरेषेशी काटकोनात येईलच असे नाही, आणि नेमके तेच हवे असते. त्यासाठी फेसिंग टूल लागते. ते शेलच्या आट्यांतच आधार घेऊन तोंड कापते, म्हणून काटकोन राखला जातो. रोड बाईकचे काम करणाऱ्या दुकानात ते आहे का, हे जाण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे.

आट्यांचेही तसेच. रंग, गंज किंवा वेल्डिंगचे कण आट्यांत असतील तर कप तिरका शिरतो आणि मध्येच अडतो. कप पहिले चार-पाच फेरे बोटांनीच फिरला पाहिजे. फिरत नसेल तर उलटा काढून, टूथब्रश आणि थोडे रॉकेल घेऊन आटे स्वच्छ करावेत आणि पुन्हा प्रयत्न करावा. तरीही अडत असेल तर टॅप (आटे कापण्याचे हत्यार) फिरवावा लागतो, आणि तो १.३७ इंच, २४ आट्यांचा सायकलचाच टॅप हवा, उजव्या बाजूसाठी उलट्या आट्यांचा. हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथ आणि टॅपिंगची कामे करणारी वर्कशॉप पुष्कळ आहेत, पण हे माप सर्वसाधारण यंत्रकामात वापरले जात नाही. ‘जवळपासचा’ मेट्रिक टॅप फिरवू देऊ नये, त्याने शेल कायमचे वाया जाते.

पावडर कोटिंगपूर्वी फ्रेमवर वाळूचा मारा करून जुना रंग काढतात. ती वाळू नळ्यांच्या आत राहते आणि पुढे बाईक हलली की शेलमध्ये उतरून बेअरिंगच्या सीलपाशी जाते. कप बसवण्यापूर्वी फ्रेम सर्व बाजूंनी उलटी करून, नळ्यांवर रबरी हातोडीने टिचक्या मारून, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून काय पडते ते पाहावे. माझ्या फ्रेममधून पहिल्या वेळी चमचाभर वाळू निघाली होती. काही पडायचे थांबेपर्यंत हे करत राहावे.

आटे नसलेले शेल

कार्बन फ्रेममध्ये कप किंवा नुसते बेअरिंग बऱ्याचदा आट्यांशिवाय दाबून बसवलेले असते. अशा शेलची मापे वेगवेगळी असतात. बीबी ८६ मध्ये शेलचा आतला व्यास ४१ मि.मी. असतो, बीबी ३० मध्ये ४२, आणि प्रेसफिट ३० मध्ये ४६. इथे जडपणाची कारणे प्रामुख्याने दोन: शेलचे छिद्र किंचित लहान असल्याने कप आणि त्याच्यासकट बेअरिंग आवळले जाते, किंवा कप दाबताना तिरका गेलेला असतो. दुसरा दोष घरी टाळता येतो. हातोडीने कप ठोकू नये. प्रेस नसेल तर जाड आट्यांची सळई, दोन नट आणि कपाच्या बाहेरच्या कडेवर सपाट बसतील अशा मोठ्या वॉशर घेऊन, दोन्ही बाजूंनी सावकाश आवळत कप आत न्यावा, आणि दर थोड्या वेळाने तो शेलच्या तोंडाशी समांतर आहे का ते पाहावे. पहिला दोष मात्र आपला नव्हे. बाहेर मोकळे असलेले बेअरिंग आत गेल्यावर कडक होत असेल, तर कार्बनच्या छिद्राला पॉलिश पेपर लावण्याचा मोह टाळावा आणि फ्रेम विकणाऱ्याकडे तक्रार करावी; घासलेल्या फ्रेमची तक्रार कोणी ऐकत नाही.

जुन्या पद्धतीच्या, कटोरी आणि छर्ऱ्यांच्या बॉटम ब्रॅकेटविषयी थोडक्यात सांगायचे तर, जडपणा बहुधा डावी कटोरी जास्त आवळल्याने येतो. प्रत्येक बाजूला पाव इंचाचे ११ छर्रे असतात. छर्रे जाळीत बसवलेले असतील आणि जाळी उलटी लागली असेल, तर पत्रा कटोरीला घासून चिरका आवाज येतो. कटोरी जुळवल्यावर बाहेरचे लॉकरिंग (कटोरीला जागी धरणारी कडी) आवळताना ती सोबत फिरते आणि पुन्हा घट्ट होते, म्हणून आवळून झाल्यावर एकदा परत तपासावे लागते.

पुन्हा जोडताना

आट्यांना आणि शेलच्या तोंडांना ग्रीसचा पातळ थर लावावा, दांड्यावरही. बेअरिंगचे सील उचकटून आतले ग्रीस रॉकेलने धुवून पातळ तेल घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नागपुरात तरी मानू नये. तसा क्रँक स्टँडवर खूप वेळ फिरतो हे खरे, पण उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यात चाकांवरून उडणारा काळ्या मातीचा चिखल थेट छर्ऱ्यांपर्यंत जायला मग वाट मोकळी होते.

कपांचा टॉर्क ३५ ते ५० न्यूटन मीटर आहे. मोठा टॉर्क रेंच घरात नसेल, तर कपाच्या पान्याच्या दांड्यावर, कपाच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटिमीटरवर खूण करावी. प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा हुकाचा काटा त्या खुणेवर अडकवावा आणि दांड्याला काटकोनात ओढावा. काटा १६ किलो दाखवेल तेव्हा जोर साधारण ४० न्यूटन मीटर झालेला असतो. नव्या काही कपांचा बाहेरचा व्यास जुन्यांहून लहान असल्याने त्यांना पान्यात बसवायची वेगळी कडी लागते. ती न वापरता सैल पाना लावला तर खाचा घसरतात.

कप आवळून झाले की दांडा घालण्यापूर्वी बेअरिंगला पुन्हा बोट लावून पाहावे, दांडा घातल्यावर क्रँक फिरवून पाहावा, डावा क्रँक आणि टोपी लावल्यावर पुन्हा, आणि बोल्ट आवळल्यावर शेवटचा. चार वेळा फिरवणे कंटाळवाणे वाटते, पण जडपणा परत आला तर तो कोणत्या क्षणी आला हे त्याच वेळी कळते. चेन त्यानंतरच चढवावी.

पहिली मोठी फेरी, म्हणजे समजा रामटेकला जाऊन-येऊन सुमारे १०० किलोमीटर झाल्यावर, चेन पुन्हा उतरवावी. डाव्या क्रँकचे दोन्ही बोल्ट १२ ते १४ न्यूटन मीटरवर तपासावेत, दोन्ही क्रँक बाजूला हलवून टकटक लागते का ते पाहावे, आणि लागलीच तर बोल्ट सैल करून टोपी बोटांनीच किंचित पुढे घ्यावी.